वाकड्याचं सातवं शिंग

मीठच होतं ते. बोटाला लावून जिभेवर ठेवलं तेव्हा खात्री पटली. खडेमीठ मातीत कालवून देवराईतल्या मोठ्या हिरड्याच्या बुडाशी, दगडाच्या खळग्यात कुणीतरी नीट थापून ठेवलं होतं. वर पाचोळा पसरलेला, पण तो एका अंगानं सरकलेला होता आणि माती चाटून चाटून खाली दगड दिसायला लागला होता. शेजारच्या ओलीत खूर उमटले होते. माझी चार बोटं त्यात सहज मावली. एवढा खूर आमच्या रानात एकाचाच होता.

मी तिथंच उकिडवी बसून राहिले. माझा स्वभाव जन्माचा संशयी. गवळ्यानं दूध घट्ट घातलं तरी मी विचारायची, आज काय काम काढलंस बाबा? घरातले हसायचे. पण रानात मीठ कोण ठेवतं आणि कशाला, हे कळायला संशयी असायची गरज नाही. जनावराला एका जागेची चटक लावायची आणि मग एक दिवस तिथं बंदूक घेऊन बसायचं.

"वैनीसाब, हिकडं कुटं?"

मागं जानू गुरव उभा होता. वाघजाईचा पुजारी. पन्नाशीचा, वाळका, बोलताना समोरच्याच्या पायाकडं बघायची खोड असलेला. खांद्याला पिशवी, तीही रिकामी.

"हिरडं येचायला आलते," मी उठत म्हटलं. "तुमी?"

"बेल न्यायला."

"मग बेल कुटाय?"

त्यानं पिशवीकडं असं बघितलं की जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. "गावला न्हाई."

देवराईत बेलाची तीन झाडं होती आणि त्यातलं एक अगदी त्याच्या डोक्यावर. मी वर बघितलं, त्यानंही बघितलं.

"पिशवीच्या बुडाला पांडरं काय लागलंय, जानूतात्या?"

"पीट आसंल. निवदाचं."

एवढं म्हणून तो वाटेला लागला. बेल न घेताच.

ही अडुसष्ट सालची गोष्ट. शिमगा तोंडावर आला होता आणि पारधीला पाच दिवस उरले होते. आमच्या गावची रीत अशी की वर्षभर ज्याचं रान त्याचं. आमच्या मालकीच्या दीडशे एकरात सासऱ्यांना विचारल्याशिवाय कुणी फांदी तोडत नसे, मग बंदुकीचा बार तर लांबच. पण शिमग्यातल्या त्या एका दिवशी मालकी चालत नाही. गावची तीन रानं, पठाराचं, नदीकाठचं आणि आमचं. देवी ज्या रानाचा कौल देईल त्यात गाव शिरणार, हलग्या वाजवत जनावर उठवणार आणि मोक्याच्या जागी बसलेले बंदूकवाले बार काढणार. फक्त देवराईत बार करायचा नाही. जनावर देवराईत शिरलं की ते देवीचं. शिकार पडली तर डोकं रानाच्या मालकाला, बाकीचे वाटे गावाचे.

माझे सासरे, म्हणजे आबा, एकेकाळी त्या सगळ्या भागातली पहिली बंदूक. सात वर्षांमागं त्यांनी एका मोठ्या सांबरावर बार टाकला होता. सांबर देवराईत शिरलं होतं हे त्यांना दिसलं होतं, आणि तरी त्यांनी चाप ओढला. गोळी डाव्या कानाला फाडून शिंगाच्या मुळाला घासून गेली. जनावर वाचलं. महिन्याच्या आत आबांचं उजवं अंग गेलं, मागनं डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. त्यांनी बंदूक भिंतीला टांगली ती टांगलीच.

पुढच्या शिमग्यानंतर मला रानात एक गळलेलं शिंग सापडलं. सांबराची शिंगं दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला गळतात आणि पावसाळ्यात नवी फुटतात. हे शिंग डावं होतं आणि आत वळलेलं, बैलाच्या शिंगागत. जखमेमुळं तसं वाढलं होतं. मी ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं शिंगाचं बूड चाचपलं आणि त्या वर्षात पहिल्यांदा हसले.

"बूड बघ," ते म्हणाले. "फुगीर हाय आनि तिळाच्या वडीवानी खरखरीत. म्हंजे आपसूक गळलंय. मारून कापलेल्याचं बूड सपाट आसतंय. वाकड्या जित्ता हाय."

तेव्हापासून त्याचं नाव वाकड्या. दर साली शिमगा पार पडला की पंधरा-वीस दिवसांत मी ते शिंग हुडकून आणायची. आमच्या सोप्यात आबांचं बाजलं होतं. त्यांच्या एका बाजूच्या भिंतीला बंदूक आणि तिच्या दोन्ही अंगांना त्यांनी मारलेल्या जनावरांची शिंगं. समोरच्या भिंतीला नुसती वाकडी शिंगं, खुंट्यांवर ओळीनं. सहा झाली होती.

"देवीनं माझा हात न्हेला, पर जनावर राखलं," आबा म्हणायचे. "ते हाय तवर मी हाय. शिंग आलं की मला आनखी एक पावसाळा गावला म्हनायचं."

हे ते गंमतीनं म्हणत नव्हते. मला ते ठाऊक होतं, कारण शिंग मिळेपर्यंत त्यांचा घास घशाखाली उतरायचा नाही. मी आईवेगळी वाढलेली. लग्न होऊन आले आणि दीड महिन्यात मालक पलटणीत परत गेले. आबांनीच मला खूर ओळखायला शिकवलं, वारा कुठून येतो ते शिकवलं, सुनेला सून म्हणून कधी हाक मारली नाही. ते गेले असते तर त्या घरात मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? वाकड्या जगला पाहिजे होता. मला दुसरं काही नको होतं.

आणि म्हणून जानू गुरवाची ती रिकामी पिशवी माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आणखी एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. कौल लावतात तो असा. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर पाण्यानं एकेक फुलाचा कळा चिकटवायचा आणि विचारायचं, आई, हे रान देतेस का? उजवा कळा आधी पडला तर दिलं. डावा पडला तर नाही. सहा वर्षं आमच्या रानाच्या वेळी डावाच पडत आला होता. गावातले म्हणायचे, देवीची थोरल्या पाटलावर, म्हणजे आबांवर, माया आहे. मीही तसंच समजत होते. पण गेल्या वर्षी पारधीच्या दुसऱ्या दिवशी मी देवीची ओटी भरायला गेले तर उजवा कळा तसाच खांद्यावर. सुकला होता तरी पडला नव्हता. मी हळूच ओढला. कळ्यामागं चिवट तार निघाली. उंबराचा चीक होता तो.

तेव्हा मी कळा परत चिकटवला आणि घरी आले. आमच्या सोयीचं होतं म्हणून गप्प बसले, खोटं कशाला बोलू. पण गुरवाला आमच्या रानाची एवढी काळजी का, हा किडा वर्षभर वळवळत होता. आता मीठ बघितलं आणि मनात म्हटलं, हं, हे असं आहे तर.

देवराईतून परतताना देवळापाशी जीप दिसली. जीपजवळ टोपीवाला एक साहेब आणि त्याच्याशी अगदी खालच्या आवाजात बोलणारा जानू गुरव. मला बघताच दोघं थांबले. संध्याकाळी माझा चुलत दीर केरबा आला. आबांनंतर गावची पहिली बंदूक त्याचीच.

"भावजी, जीपवाला कोन?"

"बेळगावचा सायेब हाय. मोट्या शिंगाचा लई नाद हाय त्याला. यंदा पारधीला पावना म्हनून येनार." केरबा हसला. "कशापायी इचारता? सोयरीक जुळवायची हाय का कुनाची?"

"तुमचीच जुळवते. बगा दुसरी बायको करताय का."

तो हसत गेला, पण माझं डोकं फिरलं. सगळं एका माळेत ओवल्यासारखं बसलं. सहा वर्षं गुरवानं कळा चिकटवून गावाला आमच्या रानाबाहेर ठेवलं होतं, ते वाकड्याची शिंगं वाढावीत म्हणून. आता गिऱ्हाईक आलं होतं. मीठ टाकून जागा तयार होती. म्हणजे यंदा चीक डाव्या कळ्याला लागणार, उजवा पडणार, आणि साहेब देवराईच्या तोंडाशी बंदूक घेऊन बसणार. बाहेरच्या माणसाला कुठली देवराई आणि कुठली रीत.

आबांना मी मिठाचं सांगितलं. चिकाचं नाही सांगितलं, देवीचा कौल खोटा म्हटलेलं त्यांना सोसलं नसतं असं मला वाटलं.

आबांनी तोंड माझ्या आवाजाकडं वळवलं. मग म्हणाले, "जानूच्या वाटंला जाऊ नगंस."

"आबा, मीट त्यानंच ठेवलंय. पिशवीला लागलेलं मी बघितलंय."

"आसू दे. तू त्याच्या वाटंला जाऊ नगंस एवडंच सांगतो."

आंधळ्या, लुळ्या माणसाला या गुरवानं पुरतं गुंडाळून ठेवलंय, असं वाटलं. आबांशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना टोपली आणि खुरपं घेऊन देवराईत गेले आणि हिरड्याखालची सगळी खारी माती खरवडून काढली. टोपली जड झाली. घरापर्यंत न्यायची ताकद नव्हती, म्हणून देवराईबाहेर ओढ्याच्या उतारावर, जांभळाच्या बुंध्याशी ओतून टाकली. हात झाडले. बस म्हटलं आता, साहेबा, मोकळ्या दगडाची राखण करत.

तीन दिवसांनी कौल होता. देवळात सगळं गाव जमलं. बायका डाव्या अंगाला, पुरुष उजव्या, मधे बंदूकवाले. जानू तांब्या आणि कळे घेऊन गाभाऱ्यात निघाला, तेव्हा मी उभी राहिले. पाटलाची सून देवळात तोंड उघडत नसते. पण आबांच्या जागी यायचा मान त्या दिवशी माझा होता.

"यंदा कळा गुरवानं लावू नये," मी म्हटलं. "सहा वरसं आमचंच रान सुटतंय. लोक तोंडावर बोलत न्हाईत, मागं बोलतात. पाटलाच्या घराला बट्टा नगं. केरबा भावजींनी कळा लावावा, सगळ्यांसमोर, साध्या पान्यानं."

देवळात कुजबूज झाली आणि लगेच माना डोलल्या. म्हातारे म्हणाले, पोरीनं घराण्याला शोभंल असं सांगितलं. मी जानूकडं बघितलं. तो माझ्या पायांकडं बघत होता. त्याच्या अंगठ्याला वाळलेला, काळपट झालेला चीक मला एवढ्या लांबून दिसला. त्यानं तांब्या केरबाच्या हातात दिला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

मी मनात हात जोडले. आई, लबाड माणूस मधून काढलाय. आबांना तू शिक्षा करून झालीस, वाकड्याला तूच राखलंस. आता तुझ्या मनानं कौल दे. खरं सांगते, माझ्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, पण त्या दगडावर नाही.

पठाराच्या रानाला डावा पडला. नदीकाठच्या रानालाही डावा. आमच्या रानाचं नाव घेतलं आणि केरबा हात मागं घेतो न घेतो तोच उजवा कळा टपकन खाली पडला.

मी कशी घरी आले मला आठवत नाही. आबा बाजल्यावर कान देऊन होते.

"कुटलं रान?"

"आपलं."

"जानूनं कळा लावला?"

"केरबा भावजींनी लावला. मी सांगितलं."

त्यांचा डावा हात पांघरुणावर हलला. कपडा मुठीत धरला, सोडला. मला वाटलं आता बोलतील मला. पण म्हणाले, "आसू दे. देवराई हाय. वाकड्या देवराईत जाईल."

"त्याला कसं कळंल, आबा?"

"जानू बगंल."

पुन्हा जानू. मला चीड आली. पण त्यातही एक समाधान होतं. मीठ मी काढलं होतं. साहेब बसला तरी हिरड्याखाली काही यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगरावर आला तेव्हा मी आबांना चहा पाजत होते. हलग्या अजून वाजल्या नव्हत्या. माणसं आपापल्या जागी चालली असतील एवढीच वेळ. आणि तेवढ्यात एक बार झाला. एकच.

आबांनी बशी ओठापासून बाजूला केली. "हाका पडायच्या आदी कुनी बार केला?"

"डुक्कर उटलं आसंल वाटंत," मी म्हटलं, आणि उठून अंगणात आले.

तासाभरानं केरबा परसदारानं आला. त्याचा चेहरा उजळला होता, पण आवाज त्यानं खाली ठेवला. आबांना वाकड्याचं काय वाटतं ते त्याला ठाऊक होतं.

"वैनी, डोकं तुमच्या गोट्यात ठेवलंय. रीतीनं मालकाचं. काकाला कसं सांगायचं ते तुमी बगा."

"कुटं गावला?"

"ओड्याच्या उतरनीवर. मी नुसता जाग्यावर चाललो हुतो. बगतो तर जांभळाखाली हुबा. जमीन चाटत हुता बगा, मन लावून. कुनीतरी मिटाची माती टाकलीया थितं. मी बंदूक खांद्याला लावली तरी मान वर केली न्हाई त्यानं. आनि पन्नास पावलांवर देवराई. आसं नशीब."

मी गोठ्याच्या खांबाला धरलं. "आनि सायेब?"

"सायेब कुटला येतोय. जानूनं त्याला पारध परवा हाय म्हनून सांगितलंय म्हनं. गुरवाला आता वार बी कळंनात."

केरबा गेला. मी वाकड्याजवळ जाऊन बसले. डोळे उघडे होते. फाटका कान. ओठांना अजून माती लागलेली. ती मी पदरानं पुसली. रडायला आलं नाही, तोंडात नुसतं खारट झालं होतं.

दुपारी जानू आला. परसदाराच्या उंबऱ्याबाहेर बसला.

"कुनी सांगितलं हुतं तुमाला कळा चिकटवायला?" मी विचारलं.

"थोरल्या पाटलांनी. त्यांचं आंग गेलं त्या साली. म्हनाले, जानू, मी देवराईत बार केला, त्याचं उतराई व्हायचं हाय. ह्ये जनावर शिमग्यातनं वाचव. मी म्हनलं, देवीचा कौल खोटा करू? ते म्हनाले, पाप माझ्या डोस्क्यावर." तो थांबला. "पाप तसं वाटून घेता येत न्हाई, वैनीसाब. पर केलं मी."

"आनि मीट?"

"कौलाचा भरवसा न्हाई. यखाद्या साली माझा हात चुकला तर? म्हनून शिमग्याआदी पंधरा दिस मीट थापायचो. त्याला सवय लागायची, ह्या दिसांत त्यो पहाटंपास्नं हिरड्याखालीच आसायचा. हाका कुटंबी पडूंदे, त्यो देवराईत. यंदा कुनीतरी मीट काडून न्हेलं." त्याची नजर माझ्या पायांवर होती. "पावलं बगितली मी. पर तवर कौल झाला हुता, आनि नवं मीट घालून बी त्यो यवड्या बिगीनं जागा बदलनार न्हवता."

"मला का न्हाई सांगितलं, जानूतात्या? देवराईत तुमाला एवडं टोचून बोलले मी. एक शबुद बोलला असता."

"गुरवानं देवीचा कळा चिकटवला ह्ये एकाला कळलं की गावाला कळतंय. पिड्यांची पूजा हाय घरात. पाटलांनी वाघजाईची शपथ घातलीती, दोघांबिगर तिसऱ्या कानाला न्हाई म्हनून." मग अगदी हळू म्हणाला, "आनि तुमचा सभाव. तुमाला सांगितलं आसतं तर तुमाला खरं वाटलं आसतं का?"



आतून आबांची हाक आली. कोण आहे विचारत होते. मी सांगितलं, कुणी नाही.

"त्यांना कळलं तर ते जगायचे न्हाईत," मी जानूला म्हटलं. "तीन आठवड्यांनी मला त्यांच्या हातात शिंग ठेवायचंय."

जानूनं गोठ्यातल्या डोक्याकडं बघितलं. "शिंग मी करतो," तो म्हणाला.

ते तीन आठवडे माझ्या जन्मात सगळ्यांत लांब गेले. वाकड्याला गावानं वाटून खाल्लं. आमच्या घरी वाटा आला तो मी कुत्र्यांना घातला आणि आबांना सांगितलं, डुकराचा होता, वास मारत होता. ते हं म्हणाले. जेवण कमी झालं होतं, पण ते दर साली शिंग येईस्तोवर होतंच. मी रोज हिरड्यापर्यंत जाऊन यायचं नाटक करायची आणि परत येऊन सांगायची, न्हाई गावलं अजून. तिकडं जानू शिंगाचं बूड कानशीनं घासत होता. गोल केलं, फुगीर केलं, मग खिळ्यानं टोचून टोचून खरखरीत केलं, आणि ओल्या पाचोळ्यात पुरून ठेवलं, रानात पडल्यासारखा वास यावा म्हणून. सहाव्या शिंगाशेजारी ठेवून बघितलं तेव्हा मला फरक कळला नाही. मी समोरच्या भिंतीला सातवी खुंटी मारून ठेवली.

ज्या सकाळी शिंग घेऊन आबांसमोर गेले, त्या सकाळी जानू बरोबर होता, पण अंगणातच थांबला.

"आबा, गावलं."

त्यांनी डावा हात पुढं केला. मी शिंग त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं टोकापासून निघाली, वळणावरून खाली आली. वळण ओळखीचं होतं, तिथं बोटं घटकाभर रेंगाळली. मग अंगठा बुडाशी गेला.

"कुटं गावलं?"

"हिरड्याखाली."

"देवराईत."

"व्हय."

अंगठा एकदा फिरला. मग उलट्या अंगानं फिरला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या तोंडावर काहीच हललं नाही. नुसतं एकदा त्यांनी शिंग उचलून छातीशी धरलं, लहान मूल धरतात तसं, आणि परत मांडीवर ठेवलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले.

"लावू भिंतीला? सातवी खुंटी मारलीया मी."

"त्या भिंतीला नगं." त्यांनी मान दुसरीकडं वळवली. "बंदुकीशेजारी लाव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बंदुकीशेजारची भिंत मारलेल्यांची.

मी हातोडी घेतली आणि त्या भिंतीला नवी खुंटी ठोकायला लागले. घाव खुंटीवर कमी आणि भिंतीवर जास्त पडत होते. मातीचे पोपडे बंदुकीवर उडत होते.

"हळू, पोरी," आबा मागून म्हणाले. "तुजा दोस न्हाई. मी तुला सांगायला पायजे हुतं. घरात येवडं डोळं उगडं ठेवनारं मानूस, आनि मी तिलाच आंधारात ठेवलं."

मी वळले नाही. वळले असते तर त्यांच्या पायांवर पडून ओरडले असते, आणि त्यांना ते नको होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"जानू भायेर हाय न्हवं?" ते म्हणाले. "कवाधरनं ताटकळलाय. त्याला आत घे. भाकरी वाड त्याला, आनि माझ्या देकत वाड."

मी जानूतात्यांना सोप्यात, आबांच्या बाजल्याशेजारी पाट मांडून दिला. पाटलाच्या सोप्यात त्यांना पहिल्यांदाच पाट मिळाला. जानूतात्या खाली मान घालून जेवले आणि आबा त्यांच्या भाकरी मोडायच्या आवाजाकडं कान देऊन पडून राहिले.

वळीव पडायच्या आत आबा गेले. समोरच्या भिंतीवरची सातवी खुंटी मी काढली नाही. घरात कुणी नवीन आलं की विचारतं, ही रिकामी का? मग मी त्यांना बसवते, चहा ठेवते आणि हे सगळं सांगते. मिठासकट.